कातक यांची वाडी

खालापूर तालुक्यात कातक नावाचा माणूस कधी जन्माला आला नव्हता. तरीही सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ग्रामसेवक मोरू भोईर त्याला शोधत सायकलवरून हिंडत होता. गंमत अशी की ज्याला विचारावं तो 'असं कुणी नाही' म्हणण्याऐवजी पत्ताच सांगत होता.

खोपोलीच्या नाक्यावरचा चहावाला म्हणाला, "कातक ना? पारशी हाय. घाटाखाली चिकूची बाग हाय त्याची." पोस्टमननं डोकं खाजवलं आणि पुण्याकडचे असावेत असं मत दिलं, पुण्याकडच्यांची आडनावं अशीच आखूड असतात म्हणे. जमिनीचे सौदे करणारा एक एजंट भेटला, तो तर मोरूची सायकलच धरून बसला. "विकायचीय का त्याला? माझ्याकडं गिऱ्हाईक हाय, मुंबईचा डॉक्टर. तुमी फक्त गाठ घालून द्या."

मोरूला स्वतःच्या माहितीपेक्षा दुसऱ्याच्या खात्रीवर जास्त भरवसा. कचेरीतसुद्धा तो 'मला वाटतं' असं म्हणूनच आपलं नाव सांगेल, अशी थट्टा होती. दिवस कलता कलता त्यालाही वाटायला लागलं की कातक आहेत, चांगले आहेत, आणि आपलीच त्यांची ओळख राहून गेली.

भानगड बोरिंगच्या गाडीपासून सुरू झाली होती. सरकारी भाषेत त्याला विंधण विहीर म्हणतात. लोक बोरिंग म्हणतात. गाडी तालुक्यात आली होती आणि यादीप्रमाणे एकेका वाडीवर भोक पाडून हातपंप बसवत चालली होती. यादी नवी होती. जिल्ह्यानं ती मुंबईच्या कुठल्याशा कंपनीकडून कॉम्प्युटरवर करून घेतली होती, आणि मशीन मराठी छापतं ह्याचं सगळ्यांना इतकं अप्रूप होतं की ते काय छापतं हे कुणी फारसं बघितलं नव्हतं. मोरूच्या हद्दीतली, डोंगराच्या पायथ्याची वाडी यादीत होती. ते बघून त्याला आनंद झाला होता. मग ओव्हरसियर मालोजीरावांनी नावावर बोट ठेवलं.

"खाजगी जागा आहे, मालकाचं संमतीपत्र आणा. हे बघा, मालक कातक. ठिकाण, कातक यांची वाडी."

"साहेब, मला वाटतं तिथं असे कुणी मालक नाहीत."

"तुम्हाला वाटतं. यादीत आहेत. यादीतलं नाव आणि संमतीवरचं नाव एक असलं की माझी गाडी येणार. नसलं की पुढच्या गावाला जाणार. गाडी एकदा पेणच्या रस्त्याला लागली की परत वळत नाही, भोईर. मग पुढची यादी."

पुढची यादी कधी निघेल, हे मालोजीरावांनाही ठाऊक नव्हतं.

त्या वाडीचं पाणी म्हणजे ओढ्याच्या वाळूत खणलेला डवरा. होळी झाली की तो आटायचा. मग बायांनी हंडे घेऊन गजाशेठच्या विहिरीवर जायचं. गजाशेठ पाण्याचे पैसे घेत नसे, ह्याचं तो स्वतःच चारचौघांत कौतुक करी. फक्त त्यानं हाक मारली की त्या घरातल्या माणसांनी वीटभट्टीवर यायचं, आणि दुसरीकडून मजुरीचं बोलावणं आलं तर तिकडे जायचं नाही. पाणी त्याचं, म्हणून हातही त्याचे. मागच्या वर्षी वाडीतल्या पोशानं खोपोलीला कारखान्याच्या आवारात खोदकामाचं काम धरलं, तर त्याच्या सुनेला विहिरीवरून रिकाम्या हंड्यानं परतवून लावलं होतं.

"बोरिंगचं काय झालं, भाऊसाहेब?" त्या वाडीतली ठमी मोरूला भेटेल तिथं विचारायची. नागूची बायको, पन्नाशीच्या आसपासची, तोंडानं फटकळ. "तुमी येता, लिवून नेता. तुमच्या वहीला पानी लागलं आसंल, आमच्या हंड्याला नाय."

मोरू हसायचा आणि सायकलच्या घंटीशी चाळा करायचा. उत्तर त्याला रात्री भिसेगावात घरी जेवताना सुचायचं.

कातक यांचा पत्ता लागेना, तेव्हा तो तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट विमलबाईंकडे गेला. मूळ यादी त्यांनीच टाइप केली होती. विमलबाई निवृत्तीला आल्या होत्या आणि टाइपरायटरला आपल्या आधी निवृत्त करायचं म्हणतात, ह्याचा त्यांना राग होता.

"विमलबाई, हे कातक कोण, तुम्हाला काही..."

"मोठ्यानं वाचा."

"कातक यांची वाडी."

"आता मधे न थांबता वाचा."

"कातकयांची..." मोरू थांबला. "अहो, हे आपले कातकरी! कातकऱ्यांची वाडी!"

"मग दुसरे कोण? तुमच्याच अक्षरातला कागद होता."

लोकांच्या तोंडी ती कातोडवाडी. कागदावर 'कातकऱ्यांची वाडी' असं शुद्ध नाव मोरूनंच कधीतरी लिहून दिलं होतं. त्यातला कोयत्यासारखा वाकलेला अर्धा र विमलबाईंच्या मशीनवर नव्हता. मशीन ज्यानं घडवलं त्याच्या भाषेत तो लागत नसावा. त्यामुळे विमलबाई त्या जागी आडवी रेघ मारायच्या. 'शेतक-यांना', 'म्हाता-याचा', 'कातक-यांची'. वाचणाऱ्यानं रेघेचा र करून घ्यायचा. आजवर सगळे घेत आले होते; कलेक्टरापासून शिपायापर्यंत कुणाचं अडलं नव्हतं. पण त्या यादीत जिथं जागा खरोखर कुणाच्या मालकीची होती तिथं आधी मालकाचं नाव, मग रेघ, मग ठिकाण असं लिहिलेलं होतं. कंपनीनं मशीनला तेवढंच शिकवलं: रेघेच्या अलीकडचा तो मालक. मशीननं शिकवलेलं ऐकलं, आणि ठिकाणाच्या रकान्यात रेघेच्या जागी नुसती मोकळी जागा सोडली.

"तुमचे एकटे कातक नाहीत," विमलबाई म्हणाल्या. "एका गावात शेतकऱ्यांची विहीर आहे, तिला श्रीयुत शेतक म्हणून मालक मिळालेत. आणि हे खालचं गुऱ्हाळ बघा. त्याच्या मालकाचं नाव मी तोंडानं सांगणार नाही. तुम्हीच रेघेपर्यंत वाचा."

मोरूनं मनात वाचलं आणि खाली बघितलं. शेजारच्या टेबलावरचा कारकून खो-खो हसला.

"मग दुरुस्ती करून द्या ना," मोरू म्हणाला. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. चूक सापडली म्हणजे ती मिटली, असा त्याचा समज.

"देते की." विमलबाईंनी कागद चढवला, दोन ओळी बडवल्या आणि थांबल्या. "ठिकाण झालं. आता मालक कोण लिहू?"

"कुणीच नाही. रिकामं सोडा."

"मशीन रिकामा रकाना घेत नाही, असं पत्रक आलंय. मालक नसला तर सातबाऱ्यावरचं नाव घाला म्हणतात. सातबाऱ्यावर कोण आहे?"

मोरूला ते तलाठ्याकडे जायच्या आधीच माहीत होतं. डोंगराच्या पायथ्याची ती सगळी पट्टी गजाशेठच्या बापाच्या नावावर होती. कातकरी तिथं गजाशेठच्या आजाच्याही आधीपासून राहत होते, पण राहण्याला सातबाऱ्यावर रकाना नसतो.

दोन वर्षांमागं त्या वाडीवर शाळेची पडवी घालायची म्हणून मोरू संमतीसाठी गजाशेठच्या ओट्यावर उभा राहिला होता. बसा, असं कुणी म्हटलं नव्हतं. गजाशेठ पान लावत होता. "ग्रामसेवक, तुमी भोळे आहात," तो म्हणाला होता. "आज शाळंची मेख ठोकाल. उद्या ही मान्सं म्हन्तील, जागा आमची. परवा कोर्टात कूळ म्हनून उभी ऱ्हातील. मी काय येडा हाय?" आणि पान मोरूला न देता स्वतःच्या तोंडात घातलं होतं.

"बोला, भोईर. बोटं आखडली माझी. कुणाचं नाव?"

मोरू कागदाकडे बघत राहिला. दुरुस्ती केली तर नाव बरोबर होणार होतं, आणि पंप जाणार होता. नाव चुकलेलं राहिलं तर गजाशेठचा त्यात कुठं संबंधच येत नव्हता. इतकी सोपी गोष्ट आपल्याला समजली म्हणजे ती खरी नसणार, असं त्याला वाटलं. त्यानं ती पुन्हा एकदा अलीकडून पलीकडून तपासली. तशीच निघाली.

"राहू द्या," तो म्हणाला.

"काय राहू द्या?"

"कातक. राहू द्या त्यांना."

विमलबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "त्यांना? भोईर, चुकीला अहोजाहो करायला लागलात." पण त्यांनी कागद ओढून काढला, चुरगाळला आणि टोपलीत टाकला.

संमतीपत्राचा कोरा छापील कागद घेऊन मोरू वाडीवर गेला. उन्हं चढली होती. कुडाच्या भिंतींच्या सावलीला म्हातारी माणसं बसली होती. धडधाकट सगळी भट्टीवर गेलेली. ठमी घरी होती, कारण तिची पाळी पाण्याची होती. मोरूनं सगळं सांगितलं. रेघेचं सांगताना त्यानं काटकीनं मातीत र काढून दाखवला, मग पुसून रेघ काढली. नागूनं मान डोलावली. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कागदावर आपल्या नावाचं काहीतरी मोडतं, ह्यात त्याला नवल वाटलं नाही.

"म्हंजे मशिनीनं आमाला मारलं," नागू म्हणाला.

"मारलं नाही. अर्धं ठेवलं."

"आनि त्या अर्ध्याला वाडी दिली?"

"हो. कातक यांची वाडी."

ठमी कान देऊन ऐकत होती. "यांची म्हंजे कुनाची, भाऊसाहेब?"

"यांची म्हणजे... मानानं म्हणतात ना. पाटील यांची विहीर. डॉक्टर यांचा दवाखाना."

"आन कातक यांची वाडी." तिनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि मोठ्यानं हसली. "आगं बाय! आमाला आजवर कातोडी म्हन्ले, कातवडे म्हन्ले, नाय नाय ते म्हन्ले. 'यांची' कुनी म्हन्लं नव्हतं. मशीन बामनाची हाय काय?"

म्हातारीकोतारी हसली. मोरूही हसला, आणि मग त्याला कामाचं आठवलं. "सही पाहिजे. कातक यांची."

"नागू देल," एक म्हातारा म्हणाला. "त्यो मोठा हाय."

"मी नाय रं बाबा," नागू म्हणाला. "मी शेठची उचल घेतल्याली हाय. उद्या तो माजा आंगठा वळखंल. बुवा, दुसरा कुनी बघा."

"दुसरा कोन? समद्यांचा आंगठा शेठनं बघितलाय."

"माजा नाय बघितला," ठमी म्हणाली. "उचल बापये घेतात. भाऊसाहेब, ते 'यांची' बापयाला म्हन्तात का बाईला?"

मोरूनं विचार केला. शाळेत शिकलेलं सगळं व्याकरण त्यानं मनातल्या मनात चाळलं. "दोघांनाही," तो म्हणाला. "तिथं फरक पडत नाही."

"मंग मी कातक. आना हिकडं."

"गप गं," नागू म्हणाला. "पोलीस आले म्हंजे?"

"आले तर पानी पाजीन त्यांना. बोरिंगचं."

मोरूनं एक फळी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवला. रेशनकार्डावर तिचं नाव ठमी नागू कातकरी होतं. त्यानं 'ठमी नागू कातक' इतकं लिहिलं आणि त्याचा हात थांबला. पुढचं एक अक्षर लिहिलं की मालोजीराव कागद परत करणार. न लिहावं तर आपण सरकारी कागदावर खोटं लिहितो. खोटं? की अपुरं? अपुरं लिहिलेले कागद कचेरीत ढिगानं होते. छापील मजकुरात 'मी, मालक/वहिवाटदार' असं होतं, आणि नको तो शब्द खोडावा अशी तळटीप. मोरूनं दोन्ही वाचले. वहिवाट तर ह्यांचीच होती. मालक हा शब्द खोडायला त्यानं पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. दोन्ही राहू दिले.

ठमीनं शाईच्या पॅडवर अंगठा घासला आणि कागदावर असा दाबला की खालची फळी कुरकुरली.

मालोजीरावांनी यादी बघितली, कागद बघितला, पुन्हा यादी बघितली. "बाई आहेत होय कातक," एवढंच ते म्हणाले आणि सही केली.

गाडी आली ती धुरळा उडवत. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. पोशा आणि दोघातिघांनी आदल्या दिवशी करवंदीच्या जाळ्या तोडून वाट केली होती. त्या दिवशी भट्टीवर कुणी गेलं नाही. यंत्राचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता, पोरं कानांवर हात ठेवून हसत होती, आणि भोकातून नुसती करडी भुकटी उडत होती. शंभर फूट गेलं, भुकटीच. मालोजीराव घड्याळ बघायला लागले. दीडशे फूट गेलं, तरी भुकटीच. मोरू एका दगडावर बसला होता. आपण नाव ढकललं, अंगठा घेतला, साहेबाला फसवलं, आणि खाली पाणीच नसलं तर? ते मात्र त्याच्या स्वभावाला धरून झालं असतं.

नेमका तेव्हाच गजाशेठ मोटारसायकलवरून आला.

"कोनाच्या परवानगीनं?" त्यानं गाडी उभी करायच्या आत विचारलं. "ओ साहेब! माज्या जाग्यात भोक कोनाच्या परवानगीनं?"

"मालकाच्या," मालोजीराव म्हणाले. त्यांना ऊन लागलं होतं आणि आरडाओरड आवडत नसे.

"मालक मी हाय!"

मालोजीरावांनी फाइल काढली. "तुमचं आडनाव कातक?"

"काय?"

"यादीत मालक कातक आहेत. संमती कातक यांची आहे. तुम्ही कातक नसाल तर जरा बाजूला व्हा, वरून दगड उडतायत."

गजाशेठनं कागद हिसकावून वाचला. मग त्यानं मोरूकडे बघितलं. मोरूला ती नजर ओट्यापासून ओळखीची होती. तो दगडावरून उठला. बसून राहणं त्याला जमलं नाही.

"ग्रामसेवक, ह्यो कातक कोन?"

यंत्र चालूच होतं. वाडीतल्या बाया एका बाजूला उभ्या होत्या. 'मला वाटतं' हे शब्द मोरूच्या जिभेवर आले होते, नेहमीसारखे. त्यानं ते गिळले आणि हात करून ठमीकडे दाखवलं.

"ह्या," तो म्हणाला.

"ह्या? ही? ही कातोडीण हाय नागूची!"

"ह्या कातक. यादीत तसंच आहे."

"कातक नाय, कातकरी! लिवता येत नाय का तुमाला?"

"मला येतं, शेठ," मोरू म्हणाला. "मशीनला येत नाही."

ठमीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोठ्या घरच्या बाईसारखी मान केली. "काय काम व्हतं, शेठ?" तिनं विचारलं. बाया खिदळल्या. गजाशेठ काय बोलला ते यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात भुकटीचा रंग बदलला, तिचा लगदा झाला, आणि मग तांबड्या पाण्याचा लोट इतका जोरात उसळला की शेठच्या धोतरावर आणि साहेबाच्या फाइलवर सारखाच चिखल पडला.

गजाशेठ तक्रार करणार म्हणून गेला, आणि त्यानं ती केलीही. तक्रारीवर चौकशी लागली. चौकशीत असं निघालं की यादी दुरुस्त करायची तर ती कंपनीकडं परत पाठवायला हवी, कंपनीचं कंत्राट संपलेलं होतं, आणि नवीन कंत्राटाला मंजुरी नव्हती. दोनशे फूट खोल गेलेला पाइप मात्र कुठल्याच पत्रकानं वर येण्यासारखा नव्हता. कुणावर तरी काही करायला हवंच होतं, म्हणून मोरूची बदली पोलादपूरला झाली. भिसेगावातलं बिऱ्हाड आवरताना बायकोनं त्याला विचारलं, तुम्ही केलंत तरी काय? एक अक्षर कमी लिहिलं, तो म्हणाला.

पंपाचा दांडा बसवला त्या दिवशी बदलीचा हुकूम त्याच्या खिशात होता. वाडीवर त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. तो सायकलला टेकून उभा राहिला. हंड्यांची झुंबड उडाली होती. पोशाची सून सगळ्यांत पुढं घुसली होती, मागच्या दोघी तिच्या झिंज्या धरायच्या बेतात होत्या. दांड्यावर ठमी होती. नवा दांडा जड जात होता, ती सगळं अंग टाकून ओढत होती.

"येकेक करून या गं! धक्काबुक्की चालायची नाय हितं," ती ओरडली. "वाडी कुनाची हाय?"

"तुजी गं बाय, तुजी," बाया म्हणाल्या आणि हंडे पुढं सरकवले.